जेवलं की दुखतं : सीलियाक धमनीवरचा दाब (मॅल्स), माहिती आणि अनुभव हवेत

रानजाई

नमस्कार मंडळी. एरवी वाचनमात्र असते, आज गरज पडली म्हणून धागा काढतेय.

माझ्या नणंदेला (वय ३४, नाशिकला असते) गेलं वर्षभर जेवलं की पोटात दुखतं. जागा ठरलेली : बरगड्या समोर जिथे मिळतात त्याच्या खाली, बेंबीच्या वर. जेवून उठली की थोड्या वेळात सुरू होतं, तास-दीड तास चांगलंच पिळवटतं आणि मग आपोआप ओसरतं. उपाशी असली की ठणठणीत. त्यामुळे तिने आपल्यापुरता मार्ग काढला, जेवायचंच नाही. दोन पोळ्यांची एक झाली, एकीची चतकोर झाली, आता पेज आणि ताक. वजन ५४ वरून ४३ वर आलंय.

घरात आधी 'डाएटचं खूळ' झालं, मग 'ॲसिडिटी', मग सासूबाईंनी मीठ-मोहऱ्या ओवाळून टाकल्या. डॉक्टरांकडे पित्ताच्या गोळ्या झाल्या, सोनोग्राफी नॉर्मल आली, एंडोस्कोपीत किरकोळ सूज निघाली, त्यावर एच. पायलोरीचा (जठरातल्या जंतूंवरचा) कोर्स झाला. एकांनी पोटाच्या टीबीची शंका घेतली, त्या तपासण्याही स्वच्छ. मग 'मनाचं असेल' म्हणून एक गोळी सुरू झाली. तिने झोप छान लागते. दुखणं आहे तिथेच.

शेवटी गॅस्ट्रोच्या एका डॉक्टरांनी सीटी अँजिओ (रक्तवाहिन्या दाखवणारा सीटी) करायला लावला. त्यात सीलियाक या पोटातल्या धमनीच्या मुळाशी दाब, हुकसारखा आकार आणि दाबाच्या पुढे धमनी जराशी फुगलेली असं आलंय. खाली लिहिलंय, 'मीडियन आर्क्युएट लिगामेंट सिंड्रोमची (म्हणजेच मॅल्सची) शक्यता, लक्षणांशी पडताळून पाहावे.'

आम्ही दोन सर्जनना दाखवलं. पहिले म्हणाले, पुढच्या आठवड्यात ॲडमिट करा, दुर्बिणीतून कापून मोकळं करू. दुसरे म्हणाले, असा दाब कित्येक जणांना असतो, याचा दुखण्याशी संबंध नाही, उगाच पोट उघडू नका. दोघेही अनुभवी, दोघेही ठाम. आता आम्ही कुणाचं ऐकायचं?

---

तिरकस_तात्या

पहिला नंबर!

ताई, गंमत बाजूला. आमच्या घराण्यात पोटाचं काहीही असलं तरी ओवा, हिंग आणि एरंडेल यांच्यापलीकडे कुणी गेलेलं नाही, त्यामुळे मी सल्ला देत नाही. पण ११ किलो गेले म्हणजे हे काम ओव्याचं नाही एवढं मलाही कळतं. जाणकार येतीलच, मी बसलोय.

---

मीनाक्षीमावशी

अगं, पित्ताशयात खडे नाहीत ना? माझ्या जावेच्या मुलीला अगदी असंच जेवणानंतर दुखायचं, ते खडे निघाले. आणि तिला म्हणावं ताट भरून जेवू नकोस, पण दोन-दोन तासांनी काहीतरी पोटात जाऊ दे. मऊ भात, तूप, मुगाचं कढण, केळं. वजन आणखी उतरू देऊ नका गं. पुढे ऑपरेशन करायचं झालं तरी अंगात काही हवं ना.

---

रानजाई

मावशी, खडे नाहीत. दुखणं उजवीकडे सरकत नाही, खांद्यात वगैरे जात नाही. थोडं थोडं खाल्लं तर कमी दुखतं हे मात्र खरं. पुढे वाकून, गुडघे पोटाशी घेऊन बसली की जरा बरं वाटतं म्हणते. आणि हल्ली भरभर जिना चढली तरी तिथेच दुखतं. हे कुणाला सांगितलं की 'हार्ट दाखवा' म्हणतात. ईसीजी, टूडी इको झालं, ठीक आहे.

---

काळीपांढरी_फिल्म

मी रेडिओलॉजिस्ट आहे, म्हणजे मला पेशंटपेक्षा पेशंटची चित्रं जास्त भेटतात. तेवढं लक्षात ठेवून वाचा.

छाती आणि पोट यांच्यामध्ये श्वासपटल असतं. महाधमनी छातीतून पोटात उतरते ती या पटलाच्या मागून, कण्याला लागून. तिथे पटलाचे स्नायू डाव्या-उजव्या अशा दोन पायांनी कण्याला धरून असतात आणि ते दोन पाय महाधमनीच्या समोरून एका तंतुमय कमानीने जोडलेले असतात. ही कमान म्हणजे मीडियन आर्क्युएट लिगामेंट. छातीचा शेवटचा मणका आणि कमरेचा पहिला मणका यांच्या आसपासची जागा. कमानीच्या जरा खाली महाधमनीला पोटातली पहिली मोठी फांदी समोरून फुटते, ती सीलियाक. जेमतेम एक-दोन सेंमी लांब, आणि लगेच तिच्या तीन वाटा : एक जठराकडे, एक यकृताकडे, एक प्लीहेकडे.

बहुतेकांत कमान या फांदीच्या वरून सुटसुटीत जाते. पण १० ते २४ टक्के लोकांत ती खाली उतरलेली असते आणि थेट फांदीच्या मुळावर रुतते. हा आकडा दोनदा वाचा. दहातल्या एका-दोघांना जेवल्यावर पिळवटून दुखतं का? नाही. त्यातल्या बहुतेकांना आयुष्यभर पत्ता लागत नाही. म्हणून 'दाब आहे' हे मी डोळे मिटून लिहीन, 'आजार आहे' हे माझ्या खुर्चीवरून लिहिता येत नाही. तुमच्या रिपोर्टमधलं शेवटचं वाक्य ज्यांनी लिहिलं त्यांनी प्रामाणिकपणे लिहिलंय.

आता श्वासाची भानगड. श्वास सोडला की महाधमनी आणि सीलियाकचं मूळ वर सरकतं आणि कमानीखाली चेपलं जातं. श्वास भरून घेतला की मूळ खाली येतं, दाब सैल होतो. त्यामुळे स्कॅन श्वास सोडून घेतला असेल तर निरोगी माणसातही दाब दिसू शकतो किंवा आहे त्याहून जास्त दिसतो. छाती भरून श्वास घेतलेला असतानाही धमनी चेपलेलीच असेल तर ते जास्त गंभीरपणे घ्यायचं. तुमचा स्कॅन कोणत्या श्वासात झाला ते सेंटरला विचारा, रिपोर्टमध्ये बहुधा नसतं.

दुसरं, हा दाब बाजूच्या चित्रात, म्हणजे माणूस मधोमध उभा चिरून बाजूने पाहिल्यासारख्या कापांत दिसतो. आडव्या कापांत सहज निसटतो. साधा पोटाचा सीटी आधी 'नॉर्मल' आलेला असतो आणि नंतर अँजिओत हे सापडतं, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण. साध्या सोनोग्राफीत सापडलं नाही यातही नवल नाही. तिथे यकृत, पित्ताशय, किडन्या बघतात. सीलियाकचा वेग मुद्दाम मोजावा लागतो.

तो मोजून घ्या. उपाशीपोटी डॉपलर, म्हणजे रक्ताचा वेग मोजणारी सोनोग्राफी. बाई टेबलावर निजते, वरच्या पोटावर प्रोब, आणि मी सांगतो, 'श्वास पूर्ण सोडा, थांबा... आता भरून घ्या, थांबा.' स्क्रीनवर रक्ताच्या वेगाचे सुळके दिसत असतात. खरा दाब असेल तर सोडलेल्या श्वासात सुळका उंच जातो आणि भरलेल्या श्वासात डोळ्यांदेखत खाली येतो. सीलियाकमधला वेग सेकंदाला २०० सेंमीच्या वर गेला की धमनी ७० टक्क्यांहून जास्त अरुंद असल्याची शंका घेतात. काही पेशंटमध्ये पोटाला नुसता स्टेथोस्कोप लावला तरी सळसळ ऐकू येते, श्वास सोडल्यावर जास्त. कुणी ऐकली का तिची?

---

रानजाई

खूप आभार. इतकं समजावून आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. स्टेथोस्कोप पोटाला कुणी लावल्याचं तिला आठवत नाही. डॉपलर झालेला नाही. विचारते.

---

गोगलगाय_पुणे

बापरे. मलाही जेवल्यावर जड वाटतं आणि ढेकर येत राहतात. कधी कधी दुखतंही. वजन मात्र कमी होत नाहीये, वाढतंय. मी पण अँजिओ करून घेऊ का? एका ठिकाणी पॅकेज आहे.

---

काळीपांढरी_फिल्म

@गोगलगाय, नका करू. तुमच्यात दाब सापडण्याची शक्यता चांगली दहा टक्के, आणि मग तुम्ही त्या रिपोर्टला घेऊन वर्षभर फिराल. वर रेडिएशन आणि किडनीतून जाणारं काँट्रास्ट. रात्री साडेदहाची पावभाजी आधी बंद करून बघा.

---

तिरकस_तात्या

पावभाजी डॉक्टरांनी फिल्मवर पाहिली की काय!

---

सुरीवाला

लॅप (दुर्बिणीने ऑपरेशन करणारा) सर्जन. या शस्त्रक्रिया मोजक्याच केल्यात, मोजक्याच नाकारल्यात. कागद न बघता सल्ला देत नाही, पण दोन सर्जन दोन बाजू का घेतात ते सांगता येईल.

भांडण असं आहे. पहिली बाजू म्हणते धमनी चेपली, जेवल्यावर जठराला जास्त रक्त लागतं, ते मिळत नाही, म्हणून दुखतं. ऐकायला पटतं. अडचण ही की पोटात खाली दुसरी मोठी धमनी आहे, सुपीरियर मेसेंटेरिक, आणि स्वादुपिंडाभोवतीच्या जोडवाटांनी ती सीलियाकच्या मुलखात रक्त पोचवते. सीलियाक पूर्ण बंद असलेली आणि सणावारी पुरणपोळ्या हाणणारी माणसं आम्ही बघतो. म्हणून दुसरी बाजू म्हणते, दुखणं रक्ताचं कमी आणि नसांचं जास्त. सीलियाकच्या मुळाभोवती नसांचं मोठं जाळं आहे, सीलियाक प्लेक्सस. वरच्या पोटातल्या अवयवांच्या वेदना त्यातून वर जातात. कमान धमनीबरोबर तेही घासते, चिमटते. माझं मत या दुसऱ्या बाजूला झुकतं. धमनी छान मोकळी करून, डॉपलर सुधारूनही दुखणं तसंच राहिलेले पेशंट असतात. आणि डॉपलर फारसा न सुधारताही पोटभर जेवायला लागलेलेही असतात. नुसता रक्ताचा हिशेब असता तर असं झालं नसतं.

यातून एक कामाची चाचणी निघते. सीटी बघत किंवा एंडोस्कोपिक सोनोग्राफीतून त्या जाळ्याभोवती भूल देणारं औषध सोडायचं, ज्याला सीलियाक ब्लॉक म्हणतात. औषधाचा अंमल काही तास. त्या तासांत पेशंटला खरंच जेवायला घालायचं. एरवी चार घासांत कळवळणारी बाई ब्लॉकनंतर नीट जेवली, तर दुखणं याच वाटेने येतंय असं म्हणायला आधार मिळतो. काहीच फरक पडला नाही तर मी सुरी खाली ठेवतो. ब्लॉक म्हणजे शंभर टक्के खात्री नव्हे, त्यानंतर रक्तदाब उतरणं किंवा जुलाब होणंही दिसतं. पण थेट शस्त्रक्रियेपेक्षा ही पायरी स्वस्त आणि परत फिरता येण्याजोगी. तुमच्या दोन्ही सर्जनच्या मधला रस्ता हाच.

---

अनुजा_ठाणे

@सुरीवाला, पण इतकं कशाला? हार्टला टाकतात तसा स्टेंट टाकून धमनी उघडता येत नाही का? माझ्या दिरांना तर दुसऱ्या दिवशी घरी सोडलं होतं.

---

सुरीवाला

नाही चालत. हृदयाच्या धमनीत अडथळा आतून असतो, इथे दाब बाहेरून आहे. कमान तशीच ठेवून स्टेंट टाकला तर प्रत्येक श्वासाला ती स्टेंटला चेपते. तो वाकतो, तुटतो, सरकतो. आधी कमान कापायची. त्यानंतरही धमनी आतून अरुंद राहिली आणि त्रास असला तर मग फुगा, स्टेंट किंवा बायपास.

कमान कापणं म्हणजे काय तेही सांगतो, कारण 'दुर्बिणीतून मोकळं करू' हे वाक्य फार सहज बोललं जातं. यकृताचा डावा भाग वर उचलून धरायचा, जठराच्या वरच्या कडेने आत जायचं, महाधमनी गाठायची. कमानीचे पांढरे तंतू आणि नसांचं जाळं एकमेकांत गुंतलेलं असतं. ते थेट महाधमनीच्या अंगावरून, थर थर करत, सीलियाकचं मूळ चहूकडून उघडं पडेपर्यंत कापत जायचं. हात घसरला तर रक्तस्राव महाधमनीचा. २०१२ साली छापलेल्या एका आढाव्यात ४०० पेशंट होते. त्यातल्या दुर्बिणीच्या १२१ शस्त्रक्रियांपैकी ९.१ टक्के रक्तस्रावामुळे पोट उघडून पूर्ण कराव्या लागल्या. त्याच आढाव्यात एकूण ८५ टक्के पेशंटना लगेच आराम पडला. पुढे त्रास उलटला तो सहा-सात टक्क्यांत. आकडे चांगले वाटतात, पण हे निवडून घेतलेले पेशंट आणि शस्त्रक्रिया चांगली झाली की ती छापायची हौस जास्त, हे धरून वाचा.

तुमच्या सर्जनना एकच प्रश्न विचारा : तुम्ही ही शस्त्रक्रिया स्वतः किती केल्यात आणि त्या वेळी रक्तवाहिन्यांचे सर्जन हाताशी असतील का? राग आला तर दुसरीकडे जा.

---

जुनाट_पुस्तकं

इतिहासाची आवड असणाऱ्यांसाठी थोडं. सीलियाकच्या मुळावर श्वासपटलाचे तंतू आलेले असतात हे लिपशुट्झ यांनी १९१७ मध्येच शवविच्छेदनातून नोंदवलं होतं. पण त्याचा आजाराशी संबंध जोडला गेला १९६३ मध्ये. फिनलंडचे सर्जन हार्योला यांनी जेवणानंतर दुखणाऱ्या, पोटात सळसळ ऐकू येणाऱ्या एका पेशंटची धमनी मोकळी केली आणि तो बरा झाला. १९६५ मध्ये अमेरिकेत डनबार आणि सहकाऱ्यांनी अशा पेशंटची मालिकाच छापली, त्यावरून याला डनबार सिंड्रोमही म्हणतात.

मग लाट आली आणि तिच्यामागोमाग ओहोटी. १९७२ मध्ये सिलागी यांचा लेख आला, त्याच्या शीर्षकातच प्रश्न होता की हा सिंड्रोम अस्तित्वात तरी आहे का! रानजाईंच्या दुसऱ्या सर्जनची परंपरा तिथून सुरू होते, असं म्हणायला हरकत नाही.

१९८५ चा सॅन फ्रान्सिस्कोचा अभ्यास मला सगळ्यात कामाचा वाटतो, कारण त्यांनी पेशंटचा सरासरी नऊ वर्षं पाठपुरावा केला. नुसती कमान कापलेल्यांपैकी ५३ टक्के बरे राहिले आणि कापून धमनीचीही दुरुस्ती केली त्यांच्यात ७६ टक्के. गुण कुणाला येतो तेही त्यांनी पाहिलं : जेवणाशी जोडलेलं दुखणं, वय ४० ते ६०, वजनात २० पौंडांहून जास्त घट. गुण कुणाला कमी? दुखणं येतं-जातं, जेवणाशी नातं नाही, मानसिक आजार किंवा दारूचा इतिहास, वय साठीपुढे.

तुमच्या नणंदेचे ११ किलो म्हणजे २४ पौंड. जेवणाशी नातं घट्ट. वय तेवढं बसत नाही, पण त्यावर मी फार भर देणार नाही, तो काळ वेगळा होता आणि आज कमी वयातही निदान होतं.

---

रॉटरडॅमकर

इकडे नेदरलँड्समध्ये या भांडणाचा निकाल लावायला एक चाचणी हाती घेतली गेली. काही पेशंटची खरी शस्त्रक्रिया करायची आणि काहींची नुसती नावापुरती, म्हणजे भूल द्यायची, दुर्बीण आत घालायची, पण कमान कापायची नाही. कुणाची कोणती झाली ते पेशंटला माहीत नाही. ऐकायला क्रूर वाटतं. पण पोटाच्या दुखण्यात 'आपलं ऑपरेशन झालं' या भावनेनेच कितीतरी जणांना बरं वाटतं, ते वजा केल्याशिवाय कमान कापण्याचं खरं श्रेय कळणार कसं? इथल्या डॉक्टर मित्राने सांगितलं तेव्हा मला पटलं.

---

मीनाक्षीमावशी

नावापुरतं ऑपरेशन? आणि त्याला लोक तयार होतात? आपल्याकडे तर हॉस्पिटलच्या काचा राहणार नाहीत.

---

कुंदा_बेळगावी

थोडं वेगळं पण जवळचं. माझ्या मुलाला पंधराव्या वर्षी पाठीच्या कण्याचं, स्कोलिओसिसचं ऑपरेशन झालं. कणा सरळ केल्यावर उंची एकदम वाढली, महिनाभरात वजन उतरलं आणि मग जेवलं की हिरवट उलट्या. त्याचं निघालं एसएमए सिंड्रोम. आम्हालाही कुणीतरी आधी 'मॅल्स' म्हणून सांगितलं होतं. दोन्हीत फरक काय, फिल्मवाले डॉक्टर सांगतील का? मला अजून नीट कळलेलं नाही.

---

काळीपांढरी_फिल्म

गोंधळ होणारच, दोन्ही जागा हाताच्या अंतरावरही नाहीत, बोटांच्या अंतरावर आहेत.

मॅल्समध्ये धमनी चेपली जाते. एसएमएमध्ये धमनी चेपते. सुपीरियर मेसेंटेरिक धमनी (तीच एसएमए) महाधमनीतून निघून तिरकी खाली जाते. या दोघींमधल्या कोनातून लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग, ड्युओडिनम, आडवा जातो. कोनात चरबीची गादी असते तोवर सगळं ठीक. वजन झपाट्याने उतरलं की गादी विरते, कोन मिटतो, आणि अडकित्त्यात सुपारी धरावी तसं आतडं धरलं जातं. कोन एरवी २५ अंशांहून मोठा असतो, या आजारात त्याहून लहान होतो. मधलं अंतर एरवी १० मिमीच्या पुढे, इथे ८ मिमीच्या आत. कणा सरळ केल्यावरही कोन असाच ताणला जातो, तुमच्या मुलाचं तेच झालं. १९२७ मध्ये विल्की यांनी ७५ पेशंटचा अभ्यास छापला म्हणून विल्की सिंड्रोमही म्हणतात.

त्यात अन्न पुढे सरकत नाही, म्हणून हिरवी उलटी, पोट तुडुंब, आणि पालथं किंवा डाव्या कुशीवर निजल्यावर आराम. उपचारही उलट दिशेचा : आधी वजन वाढवायचं, गरज पडली तर नाकातून अडथळ्याच्या पुढे नळी टाकून. गादी परत भरली की कोन उघडतो. त्याने भागलं नाही तरच आतड्याला नवी वाट जोडून देतात.

त्याच कोनात आतड्याच्या जरा वर डाव्या किडनीची शीर अडकते, तो नटक्रॅकर सिंड्रोम. त्यात लघवीतून रक्त आणि डाव्या कुशीत दुखणं. बारीक अंगाच्या, फार लवचीक सांध्यांच्या लोकांत हे प्रकार एकाच वेळी दोन-दोनही सापडतात. म्हणून रानजाईंच्या नणंदेच्या स्कॅनमध्ये हा कोनही मोजून मागा. अकरा किलो गेल्यावर गादी राहिली असेल याची खात्री नाही.

---

कुंदा_बेळगावी

आत्ता कळलं. आमचं नळीवरच भागलं. नळी असताना शाळेत जायला लाजायचा, आता हॉस्टेलच्या मेसला नावं ठेवतो.

---

सातारी_कंदी

माझ्या वडिलांचा (६८) सीटी किडनीच्या खड्यासाठी झाला. त्यात 'सीलियाकवर कमानीचा दाब' असं एका ओळीत लिहिलंय. त्यांना पोटाचा काही त्रास नाही, भाकरी-झुणका व्यवस्थित पचतो. हा धागा वाचल्यापासून आई झोपलेली नाही. काही करायचं का?

---

सुरीवाला

आईंना झोपायला सांगा. त्रास नाही तर कमान कापायची नाही.

दोन गोष्टी मात्र फाईलला लावून ठेवा. सीलियाक चेपलेली असली की स्वादुपिंडाभोवतीच्या जोडवाटांवर जास्त रक्ताचा भार येतो आणि क्वचित तिथली बारीक धमनी फुगते. ती फुटली तर जीवावरचं. ज्यांनी सीटी वाचला त्यांनाच विचारा, 'जोडवाटांत कुठे फुगवटा नाही ना?' त्याच चित्रांत दिसेल, बहुधा नवा स्कॅन लागणार नाही.

दुसरं, पुढेमागे त्यांच्या स्वादुपिंडाची किंवा यकृताची मोठी शस्त्रक्रिया करायची वेळ आली तर हा कागद सर्जनच्या हातात आधी द्या. व्हिपलच्या (स्वादुपिंडाचा काही भाग काढण्याच्या) शस्त्रक्रियेत आम्ही एक धमनी बांधतो. सीलियाक चेपलेल्या माणसात यकृताचं रक्त नेमकं त्याच वाटेने येत असू शकतं. तिथे ही एक ओळ फार किमतीची ठरते.

---

रानजाई

धागा वर काढतेय, थोडी माहिती द्यायची आहे.

डॉपलर झाला. श्वास सोडल्यावर वेग ३४० सेंमी, भरून घेतल्यावर १९०. करणाऱ्या डॉक्टर मॅडमनी स्क्रीन तिच्याकडे वळवून दाखवली. वर्षभर सगळे तिलाच विचारत होते 'नक्की दुखतं का?', ती त्या सुळक्यांकडे बघत राहिली आणि रडली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, 'वहिनी, फोटो काढ, आईला दाखवू.' स्टेथोस्कोपही मॅडमनी लावला, सळसळ आहे. एसएमएचा कोन मोजून मागितला, तो ३१ आला.

सीटी कोणत्या श्वासात झाला हे सेंटरवर विचारलं तर रिसेप्शनवरचा मुलगा म्हणाला, 'सगळ्यांचा नेहमीच्याच श्वासात होतो.' टेक्निशियनला गाठलं, त्याने भरलेल्या श्वासात घेतल्याचं सांगितलं.

शस्त्रक्रियेच्या बाजूच्या सर्जनना @सुरीवाला यांचा प्रश्न विचारला. राग आला नाही, पण उत्तर 'दोन' असं मिळालं. तेच म्हणाले, पुण्यात रक्तवाहिन्यांच्या सर्जनसोबत करणाऱ्या टीमकडे पाठवतो. दुसरे, जे नको म्हणत होते, त्यांना डॉपलर दाखवल्यावर ते ब्लॉकला हो म्हणाले. 'ब्लॉकनंतर जेवली तर मी माझं मत बदलेन,' असं स्वतःहून म्हणाले. मला हे दोघेही आता आवडायला लागलेत.

---

काळीपांढरी_फिल्म

भरलेल्या श्वासात हुक दिसतोय आणि डॉपलरमध्ये एवढा फरक आहे, म्हणजे कागद वजनदार झाला. तरीही ब्लॉक आधी.

पुण्याला जाताना छापील फिल्म नेऊ नका, किंवा नेल्या तरी सीडी न्याच. फिल्मवर सेंटरने निवडलेली चारच चित्रं असतात, सीडीत सगळे काप असतात आणि सर्जनला हवा तो कोन फिरवून बघता येतो. सीडी घरी एकदा उघडून बघा. बऱ्याच रिकाम्या निघतात.

---

अनुजा_ठाणे

मेडिक्लेमचं बघून ठेवा. ब्लॉकला चोवीस तास ॲडमिट करत नाहीत, मग टीपीए (विमा कंपनीच्या वतीने दावे बघणारा) हात वर करतो. डे-केअरमध्ये बसतो का ते आधी लेखी विचारा. आणि 'पोटदुखी, कारण अज्ञात' असं केस पेपरवर लिहू देऊ नका, निदानाची पूर्ण शक्यता लिहून घ्या. हे मी दिरांच्या वेळी शिकले.

---

मीनाक्षीमावशी

आणि ब्लॉकच्या दिवशी तिला काय जेवायला देणार आहात?

---

रानजाई

मावशी, तोच तर सध्या घरातला मोठा विषय आहे! तिने वरणभात, तूप-लिंबू आणि बटाट्याची भाजी सांगितलीय, सासूबाई म्हणतात डब्यात पुरण घालून देते. @सुरीवाला, पुरण चालेल का, की चाचणी बिघडेल?

---

सुरीवाला

एरवी ज्याने हमखास दुखतं तेच जेवण तेवढ्याच प्रमाणात द्या, म्हणजे तुलना होईल. वरणभात आणि भाजी ठीक. जेवण मात्र टीमने सांगितल्यावरच, आणि रक्तदाब उतरू शकतो म्हणून उठवून बसवताना सोबत कुणीतरी हवं. किती घास गेले, किती वाजता दुखलं किंवा नाही दुखलं, ते वहीत लिहा. पुरण दुसऱ्या दिवशी.